तीर्थ, बावखल आणि उंबराचे पाणी

कार्तिक वद्य एकादशीस निर्मळची जत्रा सुरू होते. वसई तालुक्यातील लहानथोर मंडळी त्या दिवसांत निर्मळची वाट धरतात. कुणी सुकेळी घ्यावयास जातो, कुणी सुकी मासळी, कुणी पोळपाट-लाटणे; मुलांना पाळण्यात बसावयाचे असते. जत्रेच्या गर्दीत ख्रिस्ती कोण आणि हिंदू कोण हे पोशाखावरून आता ओळखता येत नाही, आणि ओळखावयाचे कारणही नाही. हिंदू भाविक विमल सरोवरास वंदन करून शंकराचार्यांच्या समाधीच्या दर्शनास जातात; आम्ही ख्रिस्ती जन सरोवराच्या काठाकाठाने बाजाराकडे वळतो. तळ्याकडे आमची नजर जाते ती पाण्याकडे जावी इतकीच.

लहानपणी आजीचे बोट धरून त्या काठाने जाताना आम्ही तिला विचारले होते, "आजी, हे पाणी खरेच पवित्र आहे का गं?" त्याच सुमारास धर्मशिक्षणाच्या वर्गात मूर्तिपूजेसंबंधीची आज्ञा आम्ही नुकतीच पाठ केली होती, त्यामुळे प्रश्नात थोडी खोचही होती. आजी थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "पाणी काय कुणाच्या बापाचं आहे? देवाचंच की." पुढे सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या शिकलो, सृष्टीविषयीचे धडे वाचले, परीक्षाही दिल्या, परंतु त्या उत्तरापलीकडे आम्ही फार गेलो असे म्हणवत नाही. उलट, एका प्रसंगी त्याच्या बरेच अलीकडे राहिलो. तो प्रसंग सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. मात्र तो समजावा म्हणून थोडे मागून यावे लागेल.

आपली वसई ही मूळची जवळजवळ बेटच. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस सोपाऱ्याची जुनी खाडी, जिच्यातून एके काळी परदेशी गलबते आत येत. तिच्याही पलीकडे तुंगारेश्वराचे डोंगर. सोपारा हे शूर्पारक नावाने प्रसिद्ध असलेले प्राचीन बंदर. शलमोन राजाची जहाजे ज्या ओफीरहून सोने आणीत ते ओफीर म्हणजेच सोपारा, असे काही विद्वानांनी मांडले आहे. हा तर्क सिद्ध झालेला नाही, तरी आपल्या सभांतून तो फार आवडीने सांगितला जातो. जे सिद्ध आहे ते कमी मोलाचे नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या 'बुरूड राजाच्या कोटा'चे उत्खनन केले तेव्हा तो कोट नसून बौद्ध स्तूप असल्याचे निघाले व त्याच्या गर्भात दगडी करंडा सापडला. त्याच वर्षी तेथील भातेला तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आणि १९५६ साली नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला तो भुईगावात.

भुईगावचे नाव वाचून आपल्या वाचकांपैकी अनेकांना तिथल्या सोयऱ्याधायऱ्यांची आठवण होईल. त्या गावच्या मातीत सव्वादोन हजार वर्षे जे शब्द निजून होते त्यांचा विषय काय असावा? विषय आहे मंगलविधींचा. लोक आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासास निघताना नाना प्रकारचे विधी करतात. विधी करावेत, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दासांशी व नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर करणे, प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे, दानधर्म करणे, असा त्या लेखाचा आशय आहे. रस्त्याकडेला विहिरी खणल्या व झाडे लावली, ती माणसांसाठी आणि जनावरांसाठी, असेही या राजाने दुसऱ्या एका शिलालेखात कोरवून ठेवले आहे. पाण्याची सोय करणे हे राजाला धर्मकार्य वाटत होते. त्यासाठी त्या पाण्याला कोणत्या देवाचे नाव द्यावे लागले नाही.

पुढे १३२१ साली फ्रान्सिस्कन संघाचे चार मिशनरी ठाण्यास हुतात्मे झाले. त्यांचा सोबती, डोमिनिकन संघाचा जॉर्डेनस, त्या वेळी सोपाऱ्याकडे होता. तेथे त्याला आधीपासूनचे ख्रिस्ती लोक आढळले. या जॉर्डेनसने पुढे लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. एवढे दुःख पाहिलेल्या माणसाने त्यात काय लिहावे? फणस एवढा मोठा की काही माणसांचे एका फळात पोट भरावे, आंबा, नारळाच्या झाडापासून मिळणाऱ्या नाना वस्तू, ताडी, फांद्यांतून मुळ्या खाली सोडणारा वड. आपल्या भूमीतील झाडांचे एका ख्रिस्ती धर्मगुरूने केलेले हे फार जुने वर्णन होय, आणि ते अचंब्याने भरलेले आहे. त्याच्या मागोमाग आलेल्या ओडोरिकने मात्र ठाण्याचे लोक अग्नी, सर्प आणि वृक्ष यांची पूजा करतात अशी नोंद केली. ओडोरिकचे खोटे नाही. झाड तेच, एकाने ते फळासाठी पाहिले, दुसऱ्याने त्यापुढे हात जोडणाऱ्या माणसाला पाहिले. पुढील दोन शतकांनंतर जी माणसे आली त्यांच्याजवळ ओडोरिकची दृष्टी होती, आणि हाती सत्ताही होती.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतरच्या काळात या भागातील अनेक देवळे पाडली गेली. १५६७ साली भरलेल्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक परिषदेने अन्य धर्मीयांच्या जाहीर पूजाविधींना बंदी व्हावी असे ठराव केले. हे आपण झाकून ठेवू नये. आपली श्रद्धा आपल्यापर्यंत ज्या हातांनी पोहोचवली त्यांत फार पवित्र हात होते. आणि देवळे पाडणारे हातही त्याच काळचे, क्वचित त्याच माणसांचे होते. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरास जाऊन यावे. शैव लेणे आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो यांनी त्याचे ख्रिस्तमंदिर केले. कोरीव मूर्ती भिंतीआड गेल्या. मराठ्यांनी ते परत घेतले. आज आत नटराज आहे, एका खडकावर कोरलेला क्रूस आहे आणि वरच्या अंगास मठाचे भग्नावशेष आहेत. आमच्यासोबत आलेली तरुण मंडळी त्या क्रुसापुढे उभी राहून छायाचित्रे काढू लागली, तेव्हा आत नंदीपाशी बसलेल्या एका वृद्धेने त्यांना जागा करून दिली. आम्हाला मात्र त्या क्रुसाकडे सुखाने पाहवले नाही.

असे का घडले, याचे धर्मशास्त्रीय उत्तर देणे सोपे नाही. आपल्या परंपरेत दोन्ही प्रवाह आहेत. आठव्या शतकात संत बोनिफास यांनी जर्मनीत गाइसमार येथील पूज्य ओक वृक्षावर कुऱ्हाड चालवली आणि त्याच्या लाकडातून चॅपेल उभारले, ही गोष्ट सेमिनरीत आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितली गेली होती. त्याआधी सव्वाशे वर्षे, ६०१ साली, पोप महान ग्रेगरी यांनी इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस यांना पत्र लिहून कळवले होते की, तेथील लोकांची देवळे पाडू नका. मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, आणि लोकांना त्यांच्या परिचयाच्या जागीच येऊ द्या. आता ग्रेगरींचे धोरणही आजच्या कसोटीस पूर्णपणे उतरत नाही. दुसऱ्याच्या देवळात पवित्र पाणी शिंपडावयास त्याची अनुमती कोणी विचारली, हा प्रश्न उरतोच. तरीही निदान त्या जागेशी माणसांचे जे नाते असते ते त्यांना कळले होते. १६५९ साली रोमच्या धर्मप्रसार मंडळानेही आशियातील आपल्या धर्माध्यक्षांना बजावले की, श्रद्धेला व नीतीला बाधक नसलेले लोकाचार बदलावयास लावू नका. तोवर वसईत व्हावयाचे ते होऊन गेले होते.

१७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. तहात ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक मिळाली. पोर्तुगीज गेले, आणि मागे राहिलेली आपली माणसे देशी धर्मगुरूंच्या आधाराने श्रद्धा टिकवून राहिली. निर्मळच्या क्षेत्राचा जीर्णोद्धार झाला, यात्रा पुन्हा भरू लागली. आपल्या चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून दूरदूरच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरास त्यांतील एक आहे. तेथील दाट रानात, शेकरूंच्या झाडांखाली, ती घंटा वाजते तेव्हा काय वाटावे हे आम्ही ठरवू शकलो नाही. वाईट वाटले नाही एवढे खरे.

इथवरचा इतिहास राजांचा, सेनापतींचा आणि धर्माधिकाऱ्यांचा झाला. वसईच्या वाडीत राबणाऱ्या माणसाने या सगळ्या काळात काय केले? त्याने पाणी राखले. आपल्या पश्चिम पट्टीची जमीन रेताड. पावसाचे गोडे पाणी तीतून झिरपते आणि खाली समुद्रातून आत आलेल्या खाऱ्या पाण्यावर, हलके असल्यामुळे, तरंगत राहते. गोड्या पाण्याचा हा थर जोवर जाड आहे तोवर विहीर गोडी. उपसा वाढला आणि भरणा घटला की खारे पाणी वर चढते. हे शास्त्र आपल्या पूर्वजांनी पुस्तकात वाचले नव्हते, पण त्यांनी घरटी, वाडीवाडीत खड्डे खणले, त्यांची माती घराच्या जोत्याला व वाडीला घातली, आणि त्या खड्ड्यांत पाऊस साठू दिला. हीच आपली बावखले. त्यांच्यावर रहाट बसले. रेडा किंवा बैल गोल फिरे, मडक्यांची माळ वर येई आणि पाटाचे पाणी केळीला, पानवेलीला, मोगऱ्याला जाई. बावखल बहुधा भाऊबंदांच्या सामाईक मालकीचे. पाण्याची पाळी ठरलेली. वैशाखात तळ गाठला की प्रत्येक घरचा एक गडी गाळ काढावयास येई आणि तोच गाळ खत म्हणून वाडीत पडे. बेडूक, मासे, खंड्या, बगळे यांचाही त्यात वाटा असे. भाजीचे आणि फुलांचे जे भारे पहाटेच्या गाडीने दादरला जात त्यांचा उगम या हिरवट पाण्यात होता. आम्ही ज्यांच्या खांद्यावर बसून शाळेत गेलो त्या माणसांची शिक्षणे, लग्ने, घरे, आणि हो, आपली भव्य चर्चेसुद्धा, त्याच पाण्यावर उभी राहिली.

पाण्याचा मान त्यांनी निराळ्या रीतीने ठेवला. तीर्थ गेले, मग ते लग्नात आले. ईस्ट इंडियन कुटुंबांतून लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणण्याची चाल आहे. वाजतगाजत विहिरीवर जावयाचे, पाणी शेंदावयाचे आणि त्या पाण्याने नवरानवरीस न्हाऊ घालावयाचे. मांडवात उंबराची डहाळी. हिंदू बांधवांच्या मनात उंबर दत्तात्रेयाशी जोडलेला आहे; आपल्या घरांत त्याचे कारण कोणी विचारीत नाही, परंतु त्यावाचून लग्न लागल्यासारखे वाटत नाही. पोर्तुगीज काळातील ठरावांना न जुमानता ही डहाळी कशी टिकली, यावर कोणी संशोधन करील तर बरे होईल. स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचे तीन दिवस शेतांतून प्रार्थनायात्रा काढण्याची चर्चची जुनी प्रथा होती. नव्या भाताची कणसे वेदीवर आणून आशीर्वादित करण्याचा आगेरा काही धर्मग्रामांत आजही होतो, आणि कोळीवाड्यांत होड्यांना आशीर्वाद दिला जातो. वाटेच्या वळणावर, वाडीच्या सीमेवर क्रूस उभे राहिले आणि मे महिन्यात त्यांच्यापुढे माळेची प्रार्थना होऊ लागली.

येथे एक गोष्ट आमच्या फार उशिरा ध्यानात आली. क्रूस वाटेवर आले, घरापुढे आले, शेताच्या टोकाला आले. बावखलावर सहसा आले नाहीत. बावखलाला संत नव्हता, सण नव्हता, नवस नव्हता. ते केवळ उपयोगाचे होते, आणि ज्या दिवशी बोअरवेल व नळ आला त्या दिवशी ते निरुपयोगी ठरले.

आता आमचा प्रसंग. २००४ साली एका धर्मग्रामाची जबाबदारी आमच्यावर होती. चर्चच्या आवारालगत चर्चच्याच मालकीचे एक बावखल होते. रहाट केव्हाच मोडला होता. पाण्यावर शेवाळ, काठाला कचरा, डासांच्या तक्रारी. धर्मग्रामाला सभागृह हवे होते आणि लग्नांना येणाऱ्या मोटारींना जागा हवी होती. धर्मग्राम-परिषदेत विषय आला. एक वृद्ध शेतकरी उभे राहून म्हणाले, "फादर, बावखल बुजवू नका, विहिरी रडतील." सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. पुढच्या दोन महिन्यांत डंपर आले, डोंगराची लाल माती पडली. विशेष म्हणजे कामाच्या आरंभी आम्ही स्तोत्र म्हटले, प्रार्थना केली, आणि त्या मातीवर पवित्र पाणी शिंपडले. पाण्यावर माती टाकून वर पाणी शिंपडताना आम्हाला त्यात काही वावगे दिसले नाही.

तीन-चार उन्हाळ्यांत चर्चच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. बावखल बुजले म्हणूनच झाले असे शपथेवर सांगता येणार नाही. आजूबाजूस इमारती वाढल्या होत्या, उपसा वाढला होता, आणि एक बावखल म्हणजे सारा भूजलसाठा नव्हे. परंतु जुलै २०१८ मध्ये वसई चार दिवस पाण्याखाली होती तेव्हा आम्ही त्या धर्मग्रामास भेट दिली, आणि सभागृहात गुडघाभर पाणी उभे होते. पाणी आपल्या जुन्या घरी आले होते. ते वृद्ध शेतकरी तोवर देवाघरी गेले होते. आमचे हसणे त्यांनी सोबत नेले असेल काय, हा विचार मनातून जात नाही.

आम्हाला हे अज्ञान होते असे म्हणण्याची सोय नाही. आमच्या विद्यार्थिदशेतच फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी 'हरित वसई'च्या झेंड्याखाली रस्त्यावर उतरले होते. विहिरींतून टँकर भरभरून जाणारे पाणी आणि बिल्डरांच्या घशात जाणारी वाडी यांविरुद्ध त्यांनी धमक्या सोसून लढा दिला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९०च्या जागतिक शांतिदिनाचा संदेश पर्यावरणावर दिला होता. तोही आम्ही वर्गात अभ्यासला होता. आम्ही मोर्च्यात घोषणा दिल्या आणि पुढे स्वतःच्या आवारात डंपर बोलावले. शत्रू बाहेरचा बिल्डर आहे असे आम्ही धरून चाललो होतो. सभागृह बांधणारा धर्मगुरू त्या यादीत आमच्या मते नव्हता. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' २०१५ साली आले. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले.

उत्पत्तीच्या पुस्तकातील एक कथा आम्ही अनेकदा वाचली होती, आणि वाचताना नेहमी पुढे जात होतो. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या. इसहाक तेथे आला, त्याने त्या पुन्हा उकरल्या आणि आपल्या बापाने दिलेलीच नावे त्यांना दिली. त्यावरूनही गुराख्यांची भांडणे झाली. तो एक विहीर सोडून दुसरी खणीत गेला. बुजवणारे परके होते आणि उकरणारा मुलगा होता, एवढाच त्या कथेत आणि आमच्या कथेत फरक आहे.

तीर्थ म्हटले म्हणजे पाणी शुद्ध राहते असे समजण्याचेही कारण नाही. ज्या पाण्याला लोक देव मानतात त्यातच निर्माल्य, प्लास्टिक आणि सांडपाणी टाकताना त्यांचा हात थांबत नाही, हे देशभरच्या नद्यांनी दाखवले आहे. केवळ पावित्र्य पुरत नाही. भुईगावच्या दगडावर तेच तर लिहिले होते. पण केवळ उपयोगही पुरत नाही, हे आमच्या बावखलाने दाखवले. विमल सरोवर आज जसे असेल तसे असो, ते आहे. ते बुजवून वाहनतळ करावा असे म्हणण्याचे धाडस कोणत्याही सभेत कोणी करणार नाही, आणि केल्यास कोणी हसणार नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या सध्याच्या धर्मग्रामात एक लग्न होते. वराची आई आदल्या सकाळी आमच्याकडे आली. त्यांच्या वाडीतील विहीर मोटारपंपावर आहे, तोंडावर जाळी बसवली आहे. शेंदता येईल अशी विहीर कोठे आहे, हे तिला हवे होते. नळाचे पाणी हंड्यात भरून न्यावे असे घरचे म्हणत होते, ते तिला पटत नव्हते. शोध घेता असे कळले की, गावात पोहरा-दोर असलेली एकच विहीर उरली आहे, ती वाडवळ समाजातील एका हिंदू कुटुंबाची, आणि तिच्या पलीकडे अजून एक बावखल जिवंत आहे. संध्याकाळी बॅण्ड वाजवीत मंडळी तेथे गेली. आम्हीही गेलो. घरच्या काकूंनी आधीच विहिरीभोवती सडा घातला होता, कठड्यावर हळद-कुंकू वाहिले होते. आम्हाला पाहून त्या जरा थबकल्या आणि म्हणाल्या, "फादर, हे पुसू का?"

"राहू द्या, काकू," आम्ही म्हणालो. मग वराच्या आईने पोहरा खाली सोडला.